दहा बाय अकराच्या खोलीत किती डबे मावतात?

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो, एरवी मिक्सर का जळला नि इन्व्हर्टरचं पाणी कधी बदलायचं असले प्रश्न येतात, आता सगळ्यांना घरात थेटर पाहिजे. पाहिजे तर घ्या की, पण पत्रं वाचताना एक लक्षात आलं, स्पीकरचं मॉडेल, वॅट, रंग सगळं लिहिलेलं असतं आणि खोली केवढी ते नसतं. ज्यांनी खोलीचं माप लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतोय, बाकीच्यांनी टेप काढा राव.

प्रश्न : आमच्या वन बीएचकेची बेडरूम १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. दहा फुटी भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे, समोरच्या भिंतीला सोफा कम बेड चिकटून आहे, तो पुढे ओढला की बाल्कनीचं दार उघडत नाही. बजेट ४५ हजार. दुकानदार म्हणतो ५.१ आता जुनं झालं, ७.१ घ्या, पुढे अ‍ॅटमॉसपण करता येईल, म्हणजे डोक्यावरूनही आवाज. घेऊ का? (एक वाचक, डोंबिवली)

नका घेऊ. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, पण त्याने तुमची खोली बघितलेली नाहीये.

५.१ म्हणजे काय, समोर डावा, उजवा, मधला सेंटर, मग बाजूला थोडे मागे असे दोन सराउंड, आणि ते जे पॉइंट वन आहे तो सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा डबा, थोडक्यात सब. ७.१ मध्ये यात अजून दोन स्पीकर वाढतात आणि ते तुमच्या पाठीमागे लागतात. आता तुमच्या पाठीमागे काय आहे? भिंत. भिंतीपलीकडे शेजारी. म्हणजे ते दोन स्पीकर तुम्ही डोक्याच्या वर नाहीतर कानाच्या बाजूला कुठेतरी ठोकणार, आणि तिथे आधीच सराउंड असणार. चार डबे एकाच जागी बोलायला लागले की त्याला सराउंड नाही म्हणत, गलका म्हणतात.

खरं तर तुमच्या खोलीत ५.१ पण नीट लावायला थोडी कसरत आहे. कागदावर सराउंडची जागा अशी असते की तुम्ही टीव्हीकडे तोंड करून बसलात तर समोरपासून मोजून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. सोफा भिंतीला टेकलेला असताना किंचित मागे हा प्रकारच शिल्लक नाही, त्यामुळे ते बरोबर बाजूच्या भिंतींवर लावा, कानाच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट वर आणि तोंड थेट डोक्याकडे नको. वर का, तर तुमची खोली १० फूट रुंद आहे, सोफ्याच्या कडेला जो बसणार त्याच्या कानापासून जवळचा स्पीकर दोन फुटांवर आणि लांबचा आठ फुटांवर. चौपट अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, चौपटीला १२, खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो पण तरी कडेच्या माणसाला एकच स्पीकर ऐकू येतो आणि तो पिक्चरभर कान चोळत बसतो. स्पीकर वर गेला की जवळचा नि लांबचा यातला फरक कमी होतो.

आता बासबद्दल, इथे जरा वेळ घेतो कारण लहान खोलीत सगळी भानगड इथेच असते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये एक ठराविक खालचा सूर असा असतो की तो खोलीला सापडला की घुमतो, बाथरूममध्ये गाताना एखादा सूर अचानक मोठा वाटतो ना, तेच. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमची ११ फूट लांबी म्हणजे ३.३५ मीटर, उत्तर येतं ५१ हर्ट्झ. १० फूट रुंदीचे ५६. साडेनऊ फूट उंचीचे ५९. बघितलंत? तिन्ही आकडे एकाच गल्लीत राहायला. लांबट हॉलमध्ये हे आकडे लांब लांब पसरतात, तुमची खोली जवळजवळ ठोकळा आहे त्यामुळे ५० ते ६० च्या मधला बास आला की तिन्ही जोड्या एकदम गरजणार आणि बाकीचा बास त्यामानाने गप्प. वरून तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसता, आणि भिंतीपाशी हे घुमणं सगळ्यात जास्त असतं. अशा खोलीत बारा इंची सब आणून कोपऱ्यात ठेवला तर पिक्चरमधला प्रत्येक स्फोट, प्रत्येक ढोल, दाराचा धाडकन आवाज, सगळं एकाच सुरात ऐकू येईल, ढुम.

मी हे केलंय म्हणून सांगतो. भाड्याच्या खोलीत असताना पहिला सेट घेतला तो कोपऱ्यात ठेवला, कारण जागा तिथेच होती, आणि पहिल्याच दिवशी शोकेसमधल्या काचा वाजायला लागल्या, मला वाटलं वा काय बास आहे. महिनाभराने कळलं की तो बास सबचा नव्हताच, खोलीचा नि शोकेसचा होता.

तर आठ इंची सब पुरे, शक्यतो बंद पेटीचा, म्हणजे ज्याला पोर्टचं भोक नसतं असा. लहान खोली खालच्या सुरांना स्वतःच थोडा हातभार लावते, त्यामुळे मोठ्या पेटीची गरज पडत नाही. जागा कोणती? कोपरा सोडा. तुमच्या खोलीत मी आधी बाजूच्या भिंतीच्या मध्यावर करून बघेन, म्हणजे टीव्हीपासून साडेपाच फुटांवर, तिथे ठेवलेला सब ते लांबीचं ५१ वालं घुमणं फारसं उठवत नाही. आणि रुंदीचं ५६ वालं त्याने उठलं तरी सोफ्याच्या मधोमध बसणाऱ्याला ते सगळ्यात कमी जाणवतं. कपाट आडवं येत असेल तर दुसरी युक्ती, हिला काही खर्च नाही पण घरचे हसतात: सब उचलून सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास असलेलं एखादं गाणं लावा आणि स्वतः खोलीत भिंतीकडेने रांगत फिरा, कान जमिनीजवळ. जिथे बास सारखा नि स्वच्छ ऐकू येईल, घुमणार नाही, ती सबची जागा. पाहुणे नसताना करा.

समोरच्या दोन स्पीकरमध्ये साडेसात फूट अंतर ठेवा. तुमचं डोकं टीव्हीपासून नऊएक फुटांवर येतं त्या हिशोबाने ते बरोबर कोनात बसतात आणि दोन्हीकडे कोपऱ्यापासून सव्वा फूट सुटतो. डोक्यामागे भिंतीवर काहीतरी जाड मऊ टांगा, आजीची गोधडी असेल तर तिच्यासारखं काही नाही. भिंतीवर आपटून लगेच कानात परत येणारा आवाज त्याने मरतो आणि बोलणं साफ होतं. बासला गोधडीने काही होत नाही हो, तेवढी अपेक्षा नको.

आता पैसे. ४५ हजारात रिसीव्हर (म्हणजे आवाज वेगळा करून प्रत्येक स्पीकरला पोचवणारं मशीन), पाच स्पीकर आणि सब असं सगळं बसवायला गेलात तर प्रत्येक गोष्टीत काटछाट होणार. माझं ऐकाल तर यंदा रिसीव्हर, समोरचे तीन स्पीकर आणि सब एवढंच घ्या, मागचे दोन पुढच्या दिवाळीला. रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगायचं की सराउंड नाहीत, तो त्यांचा आवाज समोरच्यांत मिसळून देतो, काही गायब होत नाही. समोरचे तीन मात्र एकाच कंपनीचे एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं. आणि रिसीव्हर घेताना बॉक्समध्ये मोजमापाचा माइक आहे का बघा, त्याने खोली मोजून आवाज जुळवायची सोय डेनॉनमध्ये ऑडिसी नावाने असते, यामाहामध्ये वायपाओ, इतरांचीही आपापली असते. माइक बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर ठेवायचा, उशीवर टाकायचा नाही, पंखा बंद, कुकर बंद, आणि मग मशीनला त्याचं काम करू द्यायचं. जिथे बास फुगतो तिथे तो कापतो. जिथे खड्डा आहे तो मात्र भरता येत नाही, त्यासाठी सबच हलवावा लागतो.

मशीनने समोरच्यांना लार्ज लावलं असेल तर हाताने स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबकडे जातो. स्पीकरचा अपमान वगैरे काही नाही त्यात. अ‍ॅटमॉसचं पुढे बघू, ते छतातले स्पीकर लावायला पीओपी फोडावं लागेल तेव्हा घरातच विचारा, मला नको.

प्रश्न : बाजारात १०,००० वॅट पीएमपीओ लिहिलेला टॉवर सेट स्वस्तात मिळतोय आणि नावाजलेल्या कंपन्यांवर फक्त ८० वॅट लिहिलेलं असतं. मग महाग का घ्यायचं? (जालना)

घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगमधून जास्तीत जास्त किती वीज येते, २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. मग दहा हजार आले कुठून? पीएमपीओ हा आकडा क्षणभराच्या, कधीही टिकू न शकणाऱ्या कल्पनेतल्या ताकदीचा असतो आणि तो कसा मोजायचा याचा धड नियम नाही, ज्याला जेवढा पाहिजे तेवढा छापा. तुम्ही आरएमएस बघा, म्हणजे सतत टिकणारी ताकद.

आणि वॅटच्या मागे इतकं लागूही नका. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८७ डेसिबल, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. एका वॅटला! छोट्या खोलीत तुम्ही बहुतेक वेळ त्या एक-दोन वॅटमध्येच असता, बाकीची ताकद अचानक धमाका आला तर लागते. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ५० चे १०० केले तर कानाला थोडंसंच मोठं वाटतं, दुप्पट अजिबात नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. सिरियल आणि पिक्चरमधलं बोलणं तिला समजत नाही, आणि आवाज वाढवला की संगीत अंगावर येतं. हॉल १२ बाय १४, एका बाजूला स्वयंपाकघराकडे उघडा. साउंडबार घेऊ की स्पीकर सेट? (नागपूर)

या महिन्यातलं हे मला सगळ्यात आवडलेलं पत्र, कारण प्रश्न खरा आहे. पिक्चरमधलं बहुतेक सगळं बोलणं सेंटर चॅनलमध्ये असतं. टीव्हीच्या आतले स्पीकर लहान, त्यातून बऱ्याच टीव्हींचे खाली किंवा मागे तोंड केलेले, आणि तिथे सेंटर, संगीत, गाड्या, पाऊस सगळं एका नळातून येतं, मग आईंनी काय काय निवडून ऐकायचं.

त्यामुळे काहीही घ्या पण वेगळा सेंटर असलेलं घ्या. साउंडबार घेणार असाल तर त्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलेलं पाहिजे. २.१ लिहिलेल्या बारमध्ये सेंटर नसतो, तो घेऊन तुमचा प्रश्न सुटेलच असं नाही. वेगळा सेंटर असला की त्याचीच पातळी वाढवायची, ३ डेसिबलने सुरुवात करा, बाकी सगळं होतं तिथे राहतं आणि बोलणं पुढे येतं. मग नाइट मोड नाहीतर डायलॉग असं काहीतरी सेटिंग असेल ते चालू करा, धमाके दबतात, कुजबुज वर येते. रात्रीसाठी असतं पण दिवसा चालू ठेवलं तर कोणी पकडून नेत नाही.

जे बार नुसतं भिंतीवर आवाज आपटवून मागून आल्याचा भास करून देतात त्यांच्या नादी तुम्ही लागू नका. तुमची एक बाजू स्वयंपाकघराकडे उघडी आहे, तिथे आपटायला भिंतच नाही, आवाज जाईल तो थेट फोडणीपर्यंत.

अजून एक. बार किंवा सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, पुढच्या काठाला आणा आणि खाली असेल तर पुढून थोडा उचला, रबराचे दोन तुकडे घालून, म्हणजे तोंड आईंच्या गुडघ्याकडे नाही, कानाकडे होईल. आणि नुसत्या टाइल्स असतील तर समोर सतरंजी टाका. खोलीत एकदा जोरात टाळी वाजवून बघा, मागे टिर्रर्र असा आवाज राहत असेल तर बोलणंही तसंच पुसट होत असणार.

प्रश्न : सगळं जोडलंय, ५.१ रिसीव्हर आहे, ऑप्टिकल केबल टाकली आहे, तरी मागच्या स्पीकरमधून काही येत नाही. मेकॅनिक म्हणतो स्पीकर गेले. (कोथरूड, पुणे)

स्पीकर दोन्ही एकदम जात नाहीत हो, फार क्वचित. आधी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा, डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल, ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. तिथे डॉल्बी डिजिटल, ऑटो किंवा पास-थ्रू असं जे काही असेल ते निवडा. पुढची अडचण अशी की ओटीटीवर आजकाल डॉल्बी डिजिटल प्लस येतं आणि ते ऑप्टिकलमधून जातच नाही, साधं डॉल्बी डिजिटल जातं. काही टीव्ही आतल्या आत बदलून देतात, काही देत नाहीत आणि गुपचूप स्टीरिओ सोडतात. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआयवर एआरसी लिहिलेलं असतं, टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवायची ती सोय, त्यातून रिसीव्हरच्या एआरसीला केबल टाका, ऑप्टिकल काढून ठेवा.

आणि काय बघताय तेही बघा. जुनी गाणी स्टीरिओ, त्याहून जुनी तर मोनो, त्यात मागे काही नाहीचे तर येणार कुठून? रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा न्यूरल एक्स असा मोड असेल तो दोनाचे पाच करून देतो, कधी छान वाटतं, कधी लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं.

प्रश्न : खालच्या मजल्यावरचे काका रोज तक्रार करतात. भिंतींना अंड्याचे ट्रे लावले तर आवाज बाहेर जायचा थांबेल का? (ठाणे)

नाही. थर्माकोलनेही नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि ट्रेला वजनच नाही, खोलीतला वरच्या पट्टीतला थोडा आवाज तो इकडेतिकडे करतो एवढंच, आणि पाच वर्षांनी त्यात झुरळं होतात. काकांना जे ऐकू येतंय तो बास आहे, तो स्लॅबमधून उतरतो. सबखाली जाड रबरी मॅट टाका, स्लॅबला थेट बसणारा धक्का कमी होतो, पण हवेतून जाणारा बास राहणारच. तो कमी करायचा म्हणजे सबचं बटण डावीकडे फिरवायचं. दुसरा मार्ग मला माहीत नाही, म्हणजे आहे, खोलीच्या आत खोली बांधायची, पण मग टीव्ही बाहेर ठेवावा लागेल.

रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ कायद्यातही रात्रीचाच आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलंय. काका बरोबर आहेत. एकदा त्यांना वर बोलवा, चहा द्या, मॅच लावा, सब बंद ठेवून.

प्रश्न : वडिलांचे जुने स्पीकर आहेत, आवाज फाटतो, कोनाच्या कडेचा काळा स्पंज हात लावला की पीठ होतोय. सराउंडला वापरता येतील का? (चिपळूण)

ती फोमची कड. दमट हवेत ती कुजते, कोकणात जरा लवकरच. कोन फाटलेला नसेल तर नुसती कड बदलून मिळते, जुने रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कोणी असेल तर त्याला विचारा, मापाची कड मागवून चिकटवतात. शक्य असेल तर रबराची घाला. दुरुस्त झाले की सराउंडला खुशाल वापरा, सराउंडला समोरच्या तिघांशी तंतोतंत जुळायची गरज नसते, फक्त मागे किती ओहम लिहिलंय ते रिसीव्हरला चालतंय ना बघा. नवीन घेताना तुमच्याकडे रबरी कडेचेच घ्या. आणि पोर्ट असेल तर पावसाळ्यात त्याला जाळी लावा, आमच्या एका नातलगाच्या सबमध्ये पालीने बिऱ्हाड केलं होतं, बास लावला की ती बाहेर.

प्रश्न : स्पीकरची वायर फूटाला भलतीच महाग सांगतात. घरातल्या लाइटिंगची वायर चालेल का? (तापकीर गल्लीत विचारून दमलेला वाचक, पुणे)

चालेल. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची, आत बारीक तारा असलेली, एक तार जाड असलेली नको, ती वळत नाही आणि मोडते. एवढ्या खोलीत ३०-४० फुटांच्या आत सगळं संपतं, त्याला हिच्यापेक्षा भारी वायर लावून काही ऐकू येणार नाही. लाल नि काळी अशा दोन घ्या, एकत्र पिळून पट्टीतून न्या, पण लाइटच्या वायरिंगच्या पाइपमधून मात्र नका नेऊ. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

स्पीकरला लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलटी लागली तर काही जळत नाही, त्यामुळे कळतही नाही, फक्त बास पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधून न येता सगळीकडून आल्यासारखा वाटतो, आणि माणूस पुढचे सहा महिने स्पीकरला शिव्या देतो. एकाच रंगाची वायर मिळाली तर दोन्ही टोकांना मार्करने खूण करा, भिंतीतून ओढायच्या आधी.